किरकोळ सुधारणा

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपण दहाव्या मिनिटाला भांडायला लागतो म्हणून बाबांच्या मागे पत्रंच लिहायची असं ठरवलं, तेव्हा मला वाटलं होतं, दोन महिन्यांत हे बारगळेल. पाच वर्षं झाली. तुझं अक्षर अजून लागत नाही ती गोष्ट वेगळी.

तू विचारलंस, दिवसभर लोकांचे प्रिंटर दुरुस्त करून घरी आल्यावर पुन्हा त्या डबड्यापुढे बसून तू नेमकं काय करतोस. ऐक. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरची माणसं त्याचे सुटे भाग लिहितात आणि फुकट देतात. ते भाग गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि साध्या माणसाला वापरता येईल असा संच बांधायचा. अशा संचाला डिस्ट्रो म्हणतात. मोठ्या डिस्ट्रोंमागे पगारी माणसांच्या पलटणी आहेत. आमच्यामागे तिघं आहेत आणि आम्ही असे चार हजार सुटे भाग, म्हणजे पॅकेजेस, सांभाळतो. कामात आम्ही टोपणनावंच वापरतो. पहिला कासव. साठीचा, आयुष्यभर छापखान्यात मशीन चालवलेला, हे सगळं सुरू करणारा. त्याचा चेहरा मी दोनदाच पाहिलाय. दुसरी मधमाशी, औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिसरा मी.

दर आठवड्याला एक यादी येते: अमुक सॉफ्टवेअरला तमुक ठिकाणी भोक सापडलं, चोर यातून शिरू शकतो. मोठ्यांना ही यादी काही दिवस आधी गुपचूप मिळते. आमच्यासारख्या चिल्लर मंडळींना चोरांच्या बरोबरीने, त्याच सकाळी. मग मूळ लेखकाने दिलेलं ठिगळ घ्यायचं, आमच्याकडच्या जुन्या आवृत्तीला बसतंय का बघायचं, पॅकेज पुन्हा बांधायचं, तपासायचं, कासवाकडे पाठवायचं. त्याच्या सहीशिवाय कुणाच्याही मशीनवर काही उतरत नाही. ही यादी मधमाशी बघायची. तिचे वडील अंथरुणाला खिळले आणि जानेवारीपासून यादी माझ्या गळ्यात आली.

आमचं एक जाहीर पान आहे. उघडं भोक असेल तर लाल ओळ, बुजवलं की हिरवी. शाळांची एक मोठी संस्था आमचा संच घ्यायचा विचार करतेय, एक मार्चला ठरवणार आहे. पानावर नुसता रक्तपात दिसत होता. काल सुट्टी टाकून बसलो आणि एका दिवसात चौदा ओळी हिरव्या केल्या. शाबासकी दे.

बाकी कुणी देत नाही. कालच्या टपालातला नमुना: "नव्या आवृत्तीत घड्याळ उजवीकडून डावीकडे गेलंय. लाज वाटत नाही का?" फुकट घ्यायचं आणि वर आईबहीण काढायची. वीट आलाय मला या लोकांचा. आणि कासवाचाही. मी भोकं बुजवतोय आणि तो पंधरा दिवस पडद्यामागच्या चित्राचा निळा रंग ठरवतोय.

तुझा
धाकटा


१३ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

शाबास. झालं समाधान?

तुझं पत्र डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आपल्या समुपदेशन केंद्रातली दोन्ही मशीनं या तिघांच्या भरवशावर चालतात? मी म्हटलं, दोघांच्या. तिसरी रजेवर आहे. त्या हसल्या, पण जरा उशिराच हसल्या.

तुला निळ्या रंगाची किळस येते, मला आमच्या संचालकांची येते. प्रतीक्षेच्या बाकांसमोर त्यांनी हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लावलंय. ज्यांचं काही धड चाललेलं नाही अशी माणसं त्याच्याखाली अर्धा अर्धा तास बसतात. काल एकाने ते उलटं करून लावलं. मी बघितलं आणि बघितलं नाही.

तो बसचालक येतोय अजून. तुला मागे लिहिलं होतं, सायकलवाला त्याच्या गाडीखाली आला, चौकशीत याची काही चूक निघाली नाही, तरी माणूस आतून मोडला. सात महिने दर गुरुवारी येऊन खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा मागे टेकला, आणि बोलला. काय ते तुलाही सांगणार नाही. बोलून झाल्यावर विचारलं, "बाई, हे तुम्ही लिहून ठेवता?" म्हटलं, हो, डॉक्टरांना वाचायला लागतं. "आणखी कोण वाचतं?" म्हटलं, कुणी नाही. मी आणि त्या.

डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनच दिवस येतात, बाकी टिपणं घरून वाचतात. ती सोय तूच करून दिलीस, आणि "ताई, यात कुणी डोकावणार नाही" असंही तूच म्हणालास. म्हणून मी त्याला इतक्या ठामपणे सांगू शकले.

एक विचारायचं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात तो बाण येतो, "नवीन सुधारणा उपलब्ध", तो दर वेळी दाबलाच पाहिजे का? मागच्या वेळी दाबला आणि प्रिंटर दोन दिवस रुसून बसला. दुसऱ्याचे करतोस ना दुरुस्त? बहिणीच्याला हात लावताना काय होतं?

ताई


२५ फेब्रुवारी

ताई,

आज लिहायचं मनात नव्हतं. पण कुणाशी तरी बोलल्याशिवाय ही मळमळ जायची नाही.

आमच्याकडे एक घाण बाहेर आली. एका सॉफ्टवेअरचं भोक पानावर बुजवलेलं दाखवलं गेलं होतं. प्रत्यक्षात ते उघडंच होतं. अठरा दिवस. कुणा अनोळखी वापरणाऱ्याचं पत्र आलं: "तुम्ही म्हणता बंद आहे. मी आत्ता माझ्याच घरात त्यातून शिरून बघितलं." सभ्य माणूस होता, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भोक आता बुजवलंय. त्याची काळजी नको. पण बुजवल्यावर लोकांना खरं काय ते सांगायला हवं होतं, की अठरा दिवस तुम्ही उघड्यावर होतात. ते सांगितलं गेलं नाही. शाळांच्या संस्थेचा निर्णय चार दिवसांवर आलाय ना! कासव नेहमीसारखा गप्प. सही करून मोकळा झाला. काय सांगू तुला, ज्या कामाचा मी इतकी वर्षं अभिमान बाळगला, त्याला आता हात लावावासा वाटत नाही. नासक्या दुधाच्या भांड्यासारखं झालंय.

तुझा बसचालक बोलला हे वाचून बरं वाटलं.

धाकटा

ता. क. तो बाण दाबून टाक, जमलं तर. प्रिंटरचं मी बघतो.


६ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र वाचून मलाही तुझ्या कासवाची चीड आली. साठी उलटलेल्या माणसाने चार दिवसांच्या निकालासाठी असं तोंड शिवून बसावं? पण तू का स्वतःला खातोस? भोक कुणी उघडं ठेवलं ते ठेवलं, बुजवलंत ना? मग सोड आता. एका गोष्टीचा वीट आला की तू सगळ्या जगाचा वीट आणून घेतोस, लहानपणापासून. भेंडी एकदा कडू लागली तर तू महिनाभर जेवायला बसायचा नाहीस.

तो बाण महिनाअखेरीस दाबते. सध्या वार्षिक अहवाल छापायचाय, प्रिंटर रुसला तर संचालक मला त्या पोस्टरवर चिकटवतील. तसंही बाणावर बोट नेलं तर खाली लिहून येतं: "फाइल वाटपाचे सॉफ्टवेअर, किरकोळ सुधारणा". किरकोळ आहे तर थांबेल की.

बसचालकाने या गुरुवारी स्वतःहून सांगितलं, तीन रात्री सलग झोप लागली. त्याची बायको खाली फाटकापाशी उभी असते, वर कधी येत नाही. मी खिडकीतून हात केला तर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नमस्कारच होता तो.

निकाल काय लागला शाळांचा?

ताई


१२ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. बाण आजच दाब. पत्र मिळाल्या मिळाल्या. अहवाल राहू दे. प्रिंटर बंद पडला तर मी येऊन दुरुस्त करतो.

शाळांनी आम्हाला घेतलं.

धाकटा


१७ मार्च

तुझं बारा तारखेचं पत्र आज दुपारी मिळालं. वर तिकीट होतं. चिकटवून, पोस्टात टाकून आला असशील. चालत गेलास की रिक्षाने?

काय झालं ते सांगते, मग तू सांग.

आमच्या केंद्रातली सगळी टिपणं चोरीला गेली. तीन वर्षांची, दोनशे अकरा माणसांची. चोरांनी तो गठ्ठा इंटरनेटवर फुकट टाकून दिला. नाव टाकलं की पान उघडतं. कुणी वाचायचं, कुणी छापायचं, ज्याची त्याची मर्जी.

शुक्रवारी सकाळी बसचालक कामावर गेला तर हजेरीच्या यंत्राशेजारच्या फळ्यावर त्याचं पान लावलेलं होतं. माझं टिपण. एका वाक्याखाली लाल रेघ मारलेली. आता सगळ्या आगाराला पाठ आहे, तर तुझ्यापासून लपवून काय करू? त्याने मला सांगितलं होतं: "माणूस चाकाखाली होता आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की नव्या गाडीला पोचा आला." सात महिने त्याने ते एकट्याने पोटात वागवलं होतं. असं कुणाच्याही मनात येतं, भलत्या वेळी भलतंच येतं, त्याने माणूस वाईट ठरत नाही, एवढं त्याला पटायला लागलं होतं.

आता त्याला पोचा म्हणतात. "काय पोचा, निघाली का गाडी?" तोंडावर. साहेबाने चालकाच्या जागेवरून काढून गाड्या धुवायला लावलाय, "वातावरण निवळेपर्यंत". कुणी लावलं ते पान, कळलं नाही. ज्यांच्याबरोबर हा अकरा वर्षं डबा खातो त्यांच्यातलाच कुणीतरी. शिसारी येते मला. रेघ मारताना त्याने पट्टी वापरली होती. सरळ रेघ होती.

तपासाला एक मुलगी आली होती, तिशीची, शांत. दोन्ही मशीनं बघून तिने मला एकेक तारीख सांगितली. भोक जगजाहीर झालं एकवीस जानेवारीला. तुमच्या पानावर ते बुजवलेलं दिसतं तीन फेब्रुवारीला. खरं ठिगळ आलं बावीस फेब्रुवारीला. चोर माझ्या मशीनमध्ये शिरले दोन मार्चला, रविवारी. तिने विचारलं, "आठ दिवस ठिगळ समोर होतं, तुम्ही बसवलं का नाही?" मी म्हटलं, किरकोळ सुधारणा असं लिहिलं होतं. तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. "दाखवलं गेलं होतं." "सांगितलं गेलं नाही." आपोआप दाखवलं गेलं? भुताने? तीन फेब्रुवारीला सुट्टी टाकून चौदा ओळी कुणी हिरव्या केल्या रे? शाबासकी मागितलीस तू. मी दिली.

"किरकोळ सुधारणा" हे कुणी लिहिलं?


२२ मार्च

ताई,

मी.

सगळं मीच केलं. लपवत नाही आता काही.

तीन फेब्रुवारीला चौदा ठिगळं एका दमात लावली. ठिगळ बसलं नाही तर काम तिथेच थांबायला हवं. पण आमच्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या सूचनांत, एक ओळ आहे, की अडलं तरी पुढे चला. ती ओळ मीच सहा वर्षांपूर्वी एका घाईच्या दिवशी टाकली होती आणि काढायची राहिली. तेरा ठिगळं बसली, चौदावं बसलं नाही. यंत्राने तसं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, नऊशे ओळींच्या मधोमध. मी शेवटची ओळ बघितली, "काम पूर्ण", आणि पानावर हिरवं केलं.

एकवीस तारखेला रात्री उशिरा त्या माणसाचं पत्र आलं. दोन तासांत दुरुस्ती केली. कासवाने फोन केला. सहा वर्षांत तिसऱ्यांदा असेल. म्हणाला, "खरं काय ते लिहून टाक. लोक शिव्या देतील, देऊ देत. आपली सवय आहे." मीच म्हणालो, शाळांचा निर्णय होऊ दे, मग लिहू. तो म्हणाला, "शब्द तू लिही. मला लिहवणार नाही." आणि त्याने सही केली. तुला मी त्याच्याविषयी जे जे लिहिलं ते वाचून आता मला ओकारी येते. तो रंग निवडत होता कारण जुन्या, मंद पडद्यांवर म्हाताऱ्या माणसांना अक्षरं दिसत नव्हती. हेही मी तुला सांगितलं नव्हतं.

तुझ्या मशीनवर तेच सॉफ्टवेअर आहे हे मला एकवीस तारखेलाच ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंना घरून टिपणं वाचता यावीत म्हणून मीच बसवलंय. फोन हातात घेतला होता. फोन केला असता तर तू विचारलं असतंस, का? आणि मला सांगावं लागलं असतं. पत्रात ता. क. लिहिता येतो.

मी सोडतोय सगळं. कासवाला तसं कळवतो. मला माझीच इतकी किळस आलीय की आरशात बघून दाढी करवत नाही.

धाकटा


३० मार्च

तुझं पत्र दोनदा वाचलं. छान लिहिलंयस. त्याचाच राग आला.

तुझी किळस तुझ्यापाशी ठेव. इथे दोनशे अकरा माणसं आहेत. एका शाळामास्तरांच्या मुलीने वडिलांचं टिपण वाचलं आणि घर सोडून गेली. एक बाई रोज केंद्रात येऊन बाकावर बसते, आत येत नाही, मला नुसती बघते आणि तासाने निघून जाते. त्यांनी तुझ्या दाढीचं काय करायचं?

आणि फोनवर भांडतो म्हणून फोन केला नाहीस? भांडायचं होतं मग! आरडाओरडा केला असता मी. शेजारी जमले असते. त्यानंतर बाण दाबला असता.

पण हे माझं घरगुती झालं. दुसरं आहे ते ऐक. काल तपासाची ती मुलगी पुन्हा आली होती. तिला म्हटलं, माझ्या भावाने कबुली दिली आहे. ती म्हणाली, "कुठे?" मी तुझं पत्र दाखवलं. तिने तिच्या मशीनवर तुमचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. अजून तिथे किरकोळ सुधारणाच आहे! महिना उलटून गेला. माझ्यासारख्या किती खोल्या असतील, जिथे कुणीतरी अहवाल छापायचा म्हणून बाण दाबायचं लांबवतंय? शाळांची मशीनं किती? तू फक्त बहिणीला सांगितलंस. बहिणीला सांगणं म्हणजे कबुली नव्हे, ते रडणं झालं.

सोडून जातोस म्हणे. घाण करायची आणि शिसारी आली म्हणून खोलीतून बाहेर पडायचं. पुसणार कोण? कासव?

आधी ते पान बदल. मग गुरुवारची सुट्टी टाक आणि इकडे ये. माझ्याकडे नको. आगारात जा. तो माझ्या खोलीत आता पाय ठेवत नाही. मी दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. त्याच्यासमोर उभा राहून सांग, तू काय केलंस ते. कर्तरी प्रयोगात.

ताई


१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारीच नोटीस लावली. माझ्या नावानिशी. "अठरा दिवस आम्ही खोटं सांगितलं, त्यानंतर चाळीसहून जास्त दिवस लपवलं. नोंद मी लिहिली. हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर आत्ता मशीन बंद करा, मग खालचं वाचा." कासवाने वाचून एवढंच लिहिलं, "ठिगळ आधी सांग, माफी नंतर माग." मी क्रम बदलला.

मग काय काय आलं ते विचारू नकोस. आईबहीण तर आलीच, त्यात तूही आलीस. शाळांनी पत्र पाठवून करार मोडला. तीन ठिकाणांहून लिहून आलं की त्यांच्याकडेही कुणीतरी शिरून गेलं होतं. एक वकिलांचं ऑफिस, एक वाचनालय, एक दवाखाना. तिघांनीही बाण दाबला नव्हता. तिघांनीही तीच दोन शब्दांची नोंद वाचली होती. स्क्रिप्टमधली ती ओळ काढली, तर एकोणीस जुनी पॅकेजेस धडाधड अडली. म्हणजे आणखी एकोणीस ठिकाणी आम्ही डोळे मिटून पुढे गेलो होतो. मधमाशी वडिलांच्या उशाशी बसून त्यातली सात बघतेय. मी सोडलेलं नाही.

आगारात गेलो होतो. तुझ्या दारावरून गेलो, वर बघितलं नाही.

तो मागच्या बाजूला होता, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाइप. मी सांगितलं मी कोण. त्याने पाणी बंद केलं नाही.

"बाईंनी काही केलं नाही, ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "तुम्ही केलंत?"

"हो."

"मुद्दाम?"

"भोक मुद्दाम ठेवलं नाही. लपवलं मुद्दाम."

त्याने एक चाक धुऊन पुरं केलं. मग म्हणाला, "मला ते कॉम्प्युटरचं कळत नाही. गाडीचं कळतं. इथे सकाळी गाडी सुटायच्या आधी ब्रेक बघायचा आणि कागदावर खूण करायची. न बघता खूण करणारे असतात. तसं का?"

"तसंच. आणि मग कळलं की ब्रेक नाही, तेव्हा मी गुपचूप दुरुस्ती ठेवून दिली. आधीच सुटलेल्या गाड्यांना सांगितलं नाही."

"गाड्यांमध्ये माणसं किती होती?"

"माहीत नाही."

"मोजलीसुद्धा नाहीत?"

पलीकडून दोघं डबे घेऊन चालले होते. त्यांतल्या एकाने हाक मारली, तेच नाव. याने मान वर केली नाही, पण पाइप धरलेली बोटं पांढरी झाली, ताई. मी त्या माणसाकडे बघितलं. साधा चेहरा होता. मला त्याची इतकी घृणा आली की पुढे पाऊल टाकलं होतं. तेवढ्यात हा हळूच म्हणाला, "त्याने नुसतं वाचलं. उघडं तुम्ही ठेवलंत."

मी म्हणालो, मी साहेबांशी बोलू का? लेखी देऊ का? तो म्हणाला, "तुम्ही लिहिलेलं आता कोण वाचेल?" मग पाणी माझ्या बुटांवरून गेलं. मुद्दाम की वळताना, कळलं नाही. "सरका," म्हणाला, "ही गाडी साडेअकराला सुटायचीय."

सरकलो.

धाकटा


२ मे

पत्र मिळालं. तू गेलास ते बरं केलंस. त्याने बरं काही झालं नाही, हेही तुला कळलंच असेल. घरी ये असं अजून लिहवत नाही. लिहवेल तेव्हा लिहीन.

तुमची प्रणाली आम्ही काढली नाही. संचालकांनी एका बड्या कंपनीच्या माणसाला बोलावलं होतं, टाय लावून आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, तुमच्याकडे भोक सापडलं तर कुठे छापता? तो हसून म्हणाला, "आमच्याकडे असं काही होत नाही, मॅडम." बाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मात्र टिपणं आता मशीनवर नसतात. लोखंडी कपाट आणलंय, किल्ली माझ्या कमरेला. येणारी माणसं निम्मी झाली.

आगारात चौकशी बसली. पान कुणी लावलं ते निघालं. त्याला समज देऊन सोडलं. बसचालकाला महिन्याभराने गाडी मिळाली, पण दुसऱ्या आगारात, शहराच्या पार टोकाला. नाव तिथे त्याच्याआधी पोचलं होतं.

तो परत आला नाही. काल गुरुवार होता, त्याची वेळ मी अजून कुणाला दिलेली नाही. बरोबर चार वाजता दार वाजलं. त्याची बायको. फाटकापाशी उभी असायची ती. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकावर बसली.

मी म्हटलं, "कसे आहेत ते?"

"बोलत नाहीत. जेवतात, कामाला जातात." ती म्हणाली, "मी ते वाचलं. सगळ्यांनी वाचलं म्हणून मीही वाचलं. त्यांना माहीत नाही." मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्या दिवशी फोन आला, तुमच्या नवऱ्याच्या गाडीखाली माणूस आला. तेव्हा माझ्याही मनात पहिलं काय आलं, ते मला कुणाला तरी सांगायचंय."

मी सवयीने कोरा कागद पुढे ओढला होता. ती त्या कागदाकडे बघत राहिली आणि पुढे बोलेना.

मी पेनाला टोपण घातलं, कागद खणात टाकला आणि खण बंद केला.

मग ती बोलली.

ताई